ट्रेमाँट स्ट्रीटवरचं अभिवाचन

बॉस्टनमधली ऐतिहासिक ठिकाणं जोडणाऱ्या फ्रीडम ट्रेल या वाटेवर चालणारे बहुतेक जण ग्रॅनरी दफनभूमीत शिरतात, अमेरिकन स्वातंत्र्यलढ्यातल्या पॉल रिव्हिअरच्या थडग्याचे फोटो काढतात आणि पुढे सटकतात. मी रस्ता ओलांडून समोरच्या ट्रेमाँट टेंपलपाशी गेले. रंगीत दगडांची तिरकी चौकडी असलेली दर्शनी भिंत, खाली दुकानाचे गाळे. चर्च आहे हे पाटी वाचल्याशिवाय कळत नाही.

आजची इमारत १८९६ची. पण १८४३मध्ये इथलं ट्रेमाँट थिएटर विकत घेऊन बॅप्टिस्ट मंडळींनी त्याचं चर्च केलं, काळे-गोरे शेजारी बसतील असं. नाटक म्हणजे पाप मानणाऱ्यांचा तो काळ. हॅरिएट बीचर स्टोव्हबाईंनीही आपल्या ‘अंकल टॉम्स केबिन’ या गुलामगिरीविरोधी कादंबरीचं नाटक करायला १८५२मध्ये परवानगी नाकारली होती. नाटकं झालीच, कायदा लेखिकेच्या बाजूनं नव्हता. गोरे नट तोंडाला काळं फासून टॉम हा काळा गुलाम झाले.

मग स्टोव्हबाईंनी स्वतःच कादंबरीवरून ‘द ख्रिश्चन स्लेव्ह’ हे नाटक लिहिलं, तेही खास मेरी वेब या कृष्णवर्णीय वाचिकेसाठी. ६ डिसेंबर १८५५ला याच जागी तिनं ते वाचलं. नेपथ्य नाही, सहकलाकार नाहीत. आपल्याकडे कीर्तनकार एकटाच राजाही होतो आणि भिकारीही, तशी ती टॉम, टॉप्सी, मालक, मालकीण सगळे आवाजातून उभे करायची. ‘वाचन’ म्हटल्यावर सोवळ्या भाविकांनाही यायला हरकत नव्हती. मला ही पळवाट फार आवडली. काळी बाई गोऱ्या मालकाच्या तोंडचे शब्द बोलतेय आणि समोरच्यांना ते ऐकून घ्यावे लागतायत!

पुढच्याच वर्षी ती लंडनला गेली. स्टॅफर्ड हाउसमध्ये सदरलँडच्या डचेसच्या पाहुण्यांपुढे वाचन झालं, सचित्र साप्ताहिकात चित्र छापून आलं. १८५९मध्ये जमैकात ती वारली. तिशी नुकतीच ओलांडलेली.

टेंपलच्या आत जाता आलं नाही, दार बंद होतं. बाहेर उभी असताना जोतीरावांची आठवण आली. त्यांनी १८७३ची ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामगिरी संपवणाऱ्या लोकांनाच अर्पण केली होती.

विल्यम वेल्स ब्राउन हा गुलामीतून पळालेला लेखकही मेरी वेबच्याच काळात स्वतःची नाटकं एकट्यानं वाचत गावोगाव फिरायचा. त्याचा हिशेब रोखठोक होता: गुलामगिरीविरोधी सभेत दमडीही न सोडणारे लोक नाटक ऐकायला मात्र तिकीट काढून येतात.