तुम्ही विचारलंत म्हणून: पैसे द्यावेत का धान्य?

मी लहान मुलांच्या खाण्याचे सर्व्हे करते, म्हणजे घरोघरी जाऊन काल सकाळपासून आज सकाळपर्यंत बाळाच्या पोटात काय काय गेलं ते आईला विचारून लिहून घ्यायचं. हे कळलं की प्रवासात असो नाहीतर कुणाकडे जेवायला, एक प्रश्न हमखास येतो. सरकार गरीब घरांना मदत देतं त्यातलं लहान मुलांच्या तोंडात खरंच काही जातं का, आणि पैसे दिलेले बरे का धान्य?

जातं हो, नक्की जातं. पण किती जातं हे त्या घरात अजून जेवणारी तोंडं किती आहेत आणि बाळाला भरवायला सवड कुणाला आहे यावर ठरतं, आणि योजना आखताना नेमकं हेच धरलेलं नसतं.

एका घरी नऊ महिन्यांची मुलगी होती, तिच्या नावावर पूरक आहाराची पाकिटं यायची. मी विचारलं, ताई, काल हिने किती खाल्लं? आई म्हणाली, वाटीभर. आम्ही असा अंदाज लिहीत नाही, तीच वाटी मागून घेतो, बाळाने खाल्लं असेल तेवढं पाणी त्यात ओतायला सांगतो आणि मग ते पाणी मापाने मोजतो. तिने पाणी ओतलं, थांबली, थोडं परत काढलं, मग दाराशी बसलेल्या मोठ्या मुलाकडे बघितलं, चारेक वर्षांचा असेल, आणि अजून थोडं काढलं. उरलं ते तीन चमचे भरलं. "हा समोर बसलेला असतो ना ताई, हिला एकटीला कसं भरवू?"

माझ्या फॉर्ममध्ये 'पाकीट मिळालं का' या रकान्यात 'हो' आलं. मिळालंच होतं की.

याला कुणी गैरवापर म्हणालं की मला राग येतो. दोन भुकेल्या मुलांमधून एकालाच भरव असं कुठल्याही आईला सांगून बघा.

आणि बाळाचं गणित मोठ्या माणसासारखं नसतं. सहा महिने झाले की आईचं दूध चालू ठेवायचंच पण तेवढ्यावर भागत नाही, ६ ते ८ महिन्यांच्या बाळाला वरच्या खाण्यातून रोज साधारण २०० कॅलरी लागतात आणि वर्षानंतर ५५०च्या आसपास. पोट मात्र केवढंसं, वजनाच्या दर किलोमागे ३० ग्रॅम मावतं, म्हणजे सात किलोच्या बाळाला एका वेळी फार तर २०० ग्रॅम. त्यामुळे दिवसातून तीन-चार वेळा, घट्टसर, थोडं थोडं आणि धीराने भरवावं लागतं, मजुरीवर गेलेल्या आईने हे कधी करायचं? शिवाय जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या निकषाप्रमाणे आठ गटांपैकी निदान पाच गट रोज पोटात जायला हवेत: आईचं दूध, धान्य आणि कंद, डाळी आणि दाणे, दुधाचे पदार्थ, मांस-मासे, अंडी, अ जीवनसत्त्व देणाऱ्या भाज्या-फळं आणि बाकीच्या भाज्या-फळं. घरात धान्याचं पोतं आलं की या आठातला एक गट पक्का होतो. तो फार मोठा आधार आहे, पोतं येतं तिथे बाकीच्या गोष्टींसाठी हातात थोडे पैसे राहतात, पण बाळाच्या दृष्टीने आठातला एकच.

मग पैसेच द्या, असं म्हणाल. बांगलादेशात २०१२ ते २०१४ मध्ये हे नीट तपासून झालंय. खेड्यांतल्या अगदी गरीब घरांपैकी काहींना फक्त पैसे दिले, काहींना तांदूळ, डाळ, तेल, आणि उत्तर भागातल्या एका गटाला पैसे आणि सोबत बाळाच्या खाण्यावर नियमित बैठका, ज्यात सासवा आणि नवऱ्यांनाही बोलावलं. नुसत्या पैशांनी किंवा नुसत्या शिध्याने मुलांच्या उंचीत फरक पडला नाही. पैसे अधिक बैठका या गटात खुज्या, म्हणजे वयाच्या मानाने उंची फार कमी असलेल्या मुलांचं प्रमाण शंभरामागे सातने खाली आलं, नेमका आकडा ७.३. मला यात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते सासूला बोलावणं, कारण अंडं आणायचं आणि ते बाळाला द्यायचं हे खूप घरांत एकटी सून ठरवतच नाही.

मेक्सिकोत १९९७ साली प्रोग्रेसा नावाची योजना आली, पैसे आणि लहान बाळांसाठी खास पोषक खाणं दोन्ही. सहा महिन्यांच्या आत असतानाच योजनेत आलेली, सगळ्यात गरीब घरातली बाळं उंचीत साधारण १.१ सेंटिमीटर जास्त वाढली. त्या खाण्यात घातलेलं लोह मात्र अशा प्रकारचं होतं की ते अंगी लागत नव्हतं, पुढे ते बदलावं लागलं.

शेजारच्या मुलाचं काय, हे कुणी विचारत नाही. फिलिपिन्समध्ये दूरदूरच्या गावांत बहुतेक घरांना पैसे मिळायला लागले तशी अंड्यांसारख्या पदार्थांची मागणी वाढली, भाव चढले, आणि ज्यांना योजनेत घेतलं नव्हतं त्यांच्या लहान मुलांमध्ये खुजेपणा वाढला. म्हणून मला वाटतं, पैसे द्या पण बाजारात माल येतोय का तेही बघा, आणि लांबच्या गावात अंडी-डाळ थेटच द्या.

हप्ता उशिरा येणं ही तर वेगळीच गोष्ट. उधारी सुरू होते, आधी अंडं आणि फळ जातं, मग आईचं ताट कमी होतं आणि ते ती सांगतही नाही. घरात पुरेसं अन्न आहे का हे मोजायला एफएओचे, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेचे, आठ प्रश्न असतात, त्यातला पहिलाच भुकेचा नाही, काळजीचा आहे: अन्न पुरणार नाही अशी चिंता वाटली का? तिथेच कितीतरी आया गप्प होतात.

त्या घरी मी सहा महिन्यांनी परत गेले. मुलगी चालायला लागली होती. शेवटी एक मोकळा रकाना असतो, योजनेत काय बदल हवा म्हणून, बहुतेक जणी काही नको म्हणतात. हिने लगेच सांगितलं, "पाकीट मोठं नका करू, दोन द्या. एक याच्या नावाचं."

मी तसंच लिहून घेतलं.