बेरजेसाठी पैसे कोण देणार?

गेल्या जूनअखेर बाबा हर्णैहून आमच्याकडे इंग्लंडमधल्या हल शहरात आले होते. एका रविवारी त्यांना बेम्प्टनच्या कड्यांवर घेऊन गेले. शंभरेक मीटर उंच, खडूचे पांढरे कडे, खाली उत्तर समुद्र आणि कपारी-कपारीत पक्षी. किट्टीवेक हा समुद्रपक्षी अगदी जवळून दिसला. तळहाताएवढ्या जागेत चिखल-गवताचं घरटं, त्यात करडं पिल्लू, आणि आईच्या पंखांची टोकं दौतीत बुडवून काढल्यासारखी काळीभोर. बाबा कितीतरी वेळ तिथून हलेनात.

मी पवनचक्क्यांची पाती बनवते. आमचं सगळ्यात लांब पातं 108 मीटरचं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालायला दीड मिनिट लागतो. या कामाचा मला अभिमान आहे. म्हणूनच समुद्राचा हिशेब नीट मांडला जावा असं फार वाटतं.

या किनाऱ्यापासून सुमारे 120 किलोमीटरवर ‘हॉर्नसी वन’ या प्रकल्पाच्या 174 पवनचक्क्या आहेत. शेजारी हॉर्नसी टूच्या 165. परवानगी मागताना प्रत्येक प्रकल्प आपल्यामुळे वर्षाला किती पक्षी मरतील याचा अंदाज देतो. सुटा आकडा लहानच दिसतो. पण किट्टीवेक वर्षाला एक-दोनच अंडी घालतो, पुष्कळ वर्षं जगतो. अशा पक्ष्याच्या बाबतीत थोडी जास्तीची मरही साचत जाते. हॉर्नसी थ्रीला डिसेंबर 2020मध्ये परवानगी मिळाली ती किट्टीवेकसाठी भरपाई करण्याच्या अटीवर, आणि सफोकच्या किनाऱ्याजवळ घरट्यांसाठी समुद्रात मनोरे उभे राहिले. घरट्याला जागा झाली, पिल्लाच्या चोचीतल्या मासळीचं काय?

ती मासळी म्हणजे सँडईल, बोटभर लांब, चंदेरी. उन्हाळ्यात वरचं कोमट पाणी आणि खालचं गार पाणी वेगवेगळं राहतं. पवनचक्क्यांच्या मागे वारा मंदावतो, खांबांभोवती पाणी घुसळलं जातं. त्यानं थर बदलले तर शेवाळ बदलेल, त्यावर जगणारे बारीक जीव, मग सँडईल, मग किट्टीवेक. हे एका प्रकल्पाच्या हद्दीत मोजताच येत नाही.

मी हे सांगत होते तेव्हा बाबा म्हणाले, "एका ट्रॉलरनं दर्या रिकामा होत नाय गो. आमच्याकडं जो तो हेच म्हणत गेला."

सगळ्या प्रकल्पांच्या परिणामांची बेरीज करायला इथे इकोविंड नावाचा संशोधन कार्यक्रम आहे. पैसा एनईआरसी या सरकारी संशोधन परिषदेचा, क्राउन इस्टेटचा आणि पर्यावरण खात्याचा. त्यातला पेलाजिओ प्रकल्प पाण्याच्या थरांपासून पक्ष्यांपर्यंतची साखळी तपासतो, बोवी हा प्रकल्प समुद्रतळावरचे जीव पाहतो. क्राउन इस्टेट म्हणजे समुद्रतळाची मालकी सांभाळणारी संस्था. पवनचक्क्यांच्या परिणामांचे पुरावे गोळा करण्याचा तिचा याहून मोठा कार्यक्रम 5 कोटी पौंडांचा आहे. रक्कम मोठी वाटते. पण 2021मध्ये पवनचक्क्यांसाठी समुद्रतळाचा जो लिलाव झाला त्यात सहा जागांसाठी लागलेली बोली वर्षाला सुमारे 88 कोटी पौंडांची होती! आणि संशोधनाचा निधी चार-पाच वर्षांत संपतो, पवनचक्की पंचवीस-तीस वर्षं उभी असते. माझं स्पष्ट मत आहे, लिलावाच्या पैशातला ठरावीक वाटा पवनचक्की उभी असेपर्यंत मोजणीला मिळायला हवा.

भारतात तर सुरुवातच व्हायची आहे. जून 2024मध्ये केंद्रानं गुजरात आणि तमिळनाडूच्या समुद्रात प्रत्येकी 500 मेगावॉटसाठी 7,453 कोटी रुपयांची योजना मंजूर केली, त्यातले 600 कोटी दोन बंदरांच्या सुधारणेला. खंबायतच्या आखातात वारा मोजायला 2017मध्येच यंत्र बसलं. त्याच पाण्यात बोंबील, कोळंबी, डोलीची जाळी आहेत. पहिला खांब रोवण्याआधीचा समुद्र कसा होता, हे नंतर कितीही कोटी ओतले तरी मोजता येत नाही. त्यामुळे पैसा आत्ता हवा, खांबांच्या आधी.

बाबांच्या मासळी-लिलावाच्या वह्या अजून माळ्यावर आहेत. परत गेल्यावर पानांचे फोटो काढून पाठवा म्हटलं होतं. काल रात्री पहिला आला: 1994, कार्तिक, पापलेट तीन टोपल्या, बोंबील अकरा, आणि कडेला पेन्सिलीनं "वारा उत्तरेचा".