भरलेल्या गाडीचा डिपर

सावद्याला बऱ्हाणपूर–अंकलेश्वर महामार्गालगत माझे गाड्यांच्या वायरिंगचे दुकान आहे. केळीचा माल भरून गाड्या संध्याकाळी निघतात, त्यामुळे दिव्यांची तक्रारही नेमकी दिवेलागणीला, चालक घाईत असताना येते. गेल्या पावसाळ्यात एका पिकअपचा चालक सांगू लागला की, डिपरवर, म्हणजे खाली पडणाऱ्या झोतावर असूनही समोरचा प्रत्येक जण अप्पर, म्हणजे लांबचा झोत मारून शिव्या घालतो, आणि पाऊस लागला की त्याला स्वतःलाही पांढऱ्या पडद्यापलीकडचे दिसत नाही.

हेडलाइटमध्ये बाजारातले स्वस्त एलईडी होते. मूळ ६०/५५ वॉटच्या हॅलोजन बल्बात डिपरच्या फिलामेंटखाली पत्र्याची लहानशी वाटी असते. ती रिफ्लेक्टरच्या खालच्या भागावर प्रकाश पडू देत नाही, म्हणूनच डिपरचा झोत वर जात नाही. या एलईडीत तशी आड नव्हतीच. मूळ बल्ब त्याने डॅशबोर्डात जपून ठेवले होते, पण पासिंगपुरते, म्हणजे आरटीओच्या तपासणीपुरते. पासिंग झाले की पुन्हा एलईडी, याची इकडे आता कोणाला लाजही वाटत नाही.

मूळ बल्ब मंद का वाटत होते, हे मात्र कोणीच पाहिले नव्हते. ते परत लावून मोजले, तर इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ व्होल्ट आणि बल्बच्या होल्डरवर जेमतेम ११.५! व्होल्टेज १० टक्के घटले तरी हॅलोजनचा उजेड सुमारे ३० टक्के घटतो. इथे तो जवळपास निम्म्यावर आला होता. अर्थची वायर गंजलेल्या बोल्टखाली हिरवी पडली होती. ती घासून पक्की केली, फ्यूज व रिले (मोठा प्रवाह सोडणारा स्विच) टाकून बॅटरीवरून जाड वायर आणली, तेव्हा होल्डरवर १३.२ मिळाले.

मग गाडी भिंतीपासून १० मीटरवर उभी केली. डिपरची वरची कड दिव्याच्या मध्यापेक्षा साधारण १० सेंटिमीटर खाली हवी; ती वीतभर वर होती, कारण मागे घड भरले की गाडीचे नाक उचलते आणि बहुतेक कारागीर रिकाम्या गाडीवरच सेटिंग करून मोकळे होतात. मी भरल्या गाडीवरच स्क्रू फिरवले. रिकाम्या परतीला झोत जवळ पडेल, तेवढे चालते.

“दादा, काम चोख झालं, पण उजेड पिवळा दिसतो, शेठ विचारतील,” असे म्हणून तो गेला. पुढे पेट्रोल पंपावर तीच गाडी दिसली. वायर माझीच, पण होल्डरात पुन्हा एलईडी. शेठनी एकदा रात्री मोटारसायकलवरून या गाडीच्या समोरून यावे, असा निरोप मी चालकाकडे दिला आहे. उत्तर अजून आलेले नाही.