आडवं सूत

बारशाच्या ऑर्डरीचं मला टेन्शन येतं ते कामाचं नाही, नावाचं. नाव आत्या ठेवणार, तेही बाळाच्या कानात कुर्र करून, आणि तोवर घरात कोणाला कळता कामा नये. पण दुपट्यावर तेच नाव भरायचं म्हटलं की ते आधी मला कळतं, मग माझ्या लॅपटॉपला. आणि आमचे हे चहाचा कप ठेवायला आले, की स्क्रीनवरचं वाचून खिडकीतून शेजारी ऐकू जाईल इतक्या मोठ्याने विचारतात, "हे कोणाचं गं?"

मागच्या मे महिन्यात त्रिमूर्तीनगरला माझ्या घरी अशीच एक आत्या आली. सोबत तिची आजी, म्हणजे बाळाची पणजी, आणि आजीच्या मांडीवर जुन्या टॉवेलात गुंडाळलेलं लुगड्याचं कापड. बारसं दुसऱ्या दिवशी संध्याकाळी.

"इतक्या उशिरा काऊन आणलं?"

"नाव आज सकाळी ठरलं ना ताई! आणि कोणाले सांगू नका बाप्पा." तिने चिठ्ठी माझ्या मुठीत कोंबली. शर्विल. आजीला सोडून ती गांधीबागेत उरलेल्या खरेदीला पळाली.

लुगडं आजीच्या सासऱ्यांनी घरच्या मागावर विणलेलं होतं. गोळीबार चौकाकडच्या कोष्टी वस्तीतलं त्यांचं घर, तिथे एकेकाळी दर दुसऱ्या घरातून मागाची खटखट ऐकू यायची म्हणे. गर्द हिरवं, लाल काठाचं. नऊवारातलं बाकी सगळं आधीच्या नातवंडांच्या गोधड्यांत गेलेलं. उरला होता तो जेमतेम सव्वा मीटरचा तुकडा.

मी तो टेबलावर पसरला. आजीने त्याचं एक टोक उचललं, खिडकीच्या उजेडात धरलं आणि दोन्ही अंगठ्यांनी हलकेच ताणलं, आधी उभं, मग आडवं.

"बाई, हे दिसते मजबूत. पण याचं आडवं सूत गेलं हाये. याच्यावर मशीन नोको मारू."

मी हसून "बघते आजी" म्हटलं. ज्यांच्या घरी मशीन नाही ती माणसं मशीनला घाबरतातच, असं तेव्हा मला वाटायचं.

आधी थोडं मशीनबद्दल सांगते. माझं घरगुती एम्ब्रॉयडरी मशीन आहे, एका सुईचं. रंग बदलायचा तर दोरा आपण बदलायचा. कापड ताणून धरणारी फ्रेम 14 बाय 20 सेंटिमीटरची. अशा मशीनवर अख्खी गोधडी भरायची हौस मी एकदा केली आहे, पुन्हा करणार नाही. 90 बाय 90 चं साधं दुपटं धरलं तरी पस्तीस वेळा फ्रेम लावायची, दर वेळी खडूच्या खुणा जुळवायच्या, आणि चौतिसाव्या वेळी दोन मिलिमीटर सरकलं की ते दुपटं बघताना तुम्हाला दुसरं काही दिसतच नाही. म्हणून मी नाव तेवढं या मशीनवर भरते, तेही फक्त वरच्या थरावर. मग खाली भर आणि अस्तर लावून साध्या शिलाई मशीनवर सरळ टीपा मारते. नावामागच्या गाठी आत राहतात, बाळाला टोचत नाहीत.

खरी मेहनत नावाच्या अक्षरांची. मशीनमध्ये आयते फॉन्ट आहेत ते सगळे इंग्रजी. मराठी नाव हवं तर लॅपटॉपवर टाका-टाका बसवावा लागतो. मी त्यासाठी इंकस्टिच नावाचं सॉफ्टवेअर वापरते, फुकट आहे आणि माझ्या कामाला पुरतं. सुरुवातीला मी अक्षरं आपण लिहितो तशी भरायची, एकेक अक्षर आपापली शिरोरेषा घेऊन. सॅटिनचा, म्हणजे एकमेकांना खेटून भरलेला टाका कापडाला आत ओढतो, प्रत्येक अक्षर आपल्या मर्जीने ओढतं, आणि शिरोरेषेच्या पायऱ्या होतात. नाव जिना चढत निघाल्यासारखं दिसतं. मग शिकले, आधी सगळी अक्षरं बिनशिरोरेषेची भरायची आणि शेवटी डोक्यावरून एकच सलग पट्टी ओढायची. त्यात 'शर्विल' म्हणजे परीक्षाच. व वर पहिली वेलांटी आणि त्याच डोक्यावर रफार. तीन सेंटिमीटरच्या अक्षरात ही दोघं एकमेकांना चिकटली तर वरून दिसतो तो नुसता गोळा. दीड तास त्या रफारातच गेला.

दुपारी एक वाजता लुगडं फ्रेममध्ये लावलं. खाली कापडाला आधार देणारा कट-अवे पेपर, मोठ्या रिंगचा स्क्रू आवळून कापड डफासारखं ताणलं. बोटाने वाजवून पाहिलं, छान वाजलं. इथेच चुकलं, पण ते नंतर कळलं. कूलर बंद केला, कारण त्याच्या झोताने दोरा उडतो. बाहेर 45 च्या वर पारा, आत आम्ही दोघी पदराने वारा घेत. आजी दिवाणावर बसून सुई बघत होती, सासूबाई टीव्हीवरची मालिका बघतात तशा एकाग्रतेने.

अक्षरं सात-आठ मिनिटांत झाली. शिरोरेषेविना नाव गुजरातीसारखं दिसत होतं. मग शिरोरेषा सुरू झाली. श ओलांडला, र्वि पर्यंत आली, आणि मशीनचा आवाज बदलला. रोज ऐकणाऱ्याला तो लगेच कळतो. टकटक चालू असते तिचं एकदम भद्-भद् होतं. मी बटण दाबेपर्यंत उशीर झाला होता. शिरोरेषेच्या खालच्या कडेने कापड उघडलं होतं. सरळ, ब्लेडने कापल्यासारखी तीन सेंटिमीटरची फट, आणि तिच्यातून पांढरा पेपर दिसत होता.

भिंग लावून पाहिलं तेव्हा आजी काय म्हणत होती ते डोळ्यांनी दिसलं. मी सॅटिनच्या ओळींत 0.4 मिलिमीटरचं अंतर ठेवलं होतं, नेहमीचंच. म्हणजे एका सेंटिमीटरला पंचवीस ओळी. अक्षरांच्या कडा वाकड्यातिकड्या असतात, भोकं इकडे तिकडे पसरतात. पण शिरोरेषा अगदी सरळ. तिच्या कडेची सगळी भोकं एकाच रांगेत, आडवं सूत कापत जाणारी, पोस्टाच्या तिकिटासारखी. वरून मी ताणलेलं. नवं कापड हे सगळं सोसून गेलं असतं. हे सूत पन्नास-साठ वर्षं धुतलेलं, वाळवलेलं, घड्या घालून ठेवलेलं. विरलेलंच होतं, हिरवा रंग तेवढा पक्का निघाला.

आजी रागावली असती तर बरं झालं असतं. ती काहीच बोलली नाही. उठली, फ्रेममधलं कापड बोटाने चाचपलं आणि विचारलं, "किती उरते?"

मी टेप लावला. नशिबाने नाव एका टोकाला घेतलं होतं. फाटलेला वीतभर भाग कापला तरी 90 निघत होतं.

"मंग रडून काऊन राह्यली? ठिगळ लाव. नाव नव्या कापडावर काढ, ते कापड याच्यावर बसव. गोधडी काय असते? ठिगळच ना?"

घरात पांढरी मलमल होती. ती कोरी असल्यामुळे आधी धुवावी लागली, नाहीतर पहिल्या धुण्यात ठिगळ आटतं आणि भोवती चुण्या पडतात. नागपूरच्या मे महिन्याचा तेवढा फायदा, गच्चीवर टाकलेली मलमल मी खाली येऊन पाणी पिईपर्यंत वाळली. दुहेरी घेतली, मागे बळकटीसाठी इस्त्रीने फ्युजिंगचं अस्तर चिकटवलं, ओळींतलं अंतर 0.5 केलं, बोथट झालेली सुई बदलून नवी 75 नंबरची लावली. मध्येच लाईन गेली. फ्रेमला हात न लावता बसून राहिलो. लाईन आल्यावर मशीन त्याच टाक्यापासून पुढे निघालं. या वेळी शिरोरेषा शेवटपर्यंत गेली.

ठिगळाच्या कडा मी मशीनवर जोडणार होते. आजीने माझ्या हातातून कापड घेतलं.

"सुई दे."

सुईत दोरा मी ओवून दिला, बाकी सगळं तिने केलं. कडा आत दुमडून धावदोरा. एक टाका ज्वारीच्या दाण्याएवढा, पुढचाही तेवढाच. सुई ती कुठेही खुपसत नव्हती. आधी बोटाने चाचपायची आणि जिथे सूत जिवंत लागेल तिथेच टाका घ्यायची. बघत बसावं असं ते काम होतं, आणि मी बसलेही. ती कापडाकडे पाहतसुद्धा नव्हती, नजर खिडकीबाहेरच्या कडुनिंबावर.

"आजी, चष्मा नाही का तुम्हाला?"

"हाये ना. मुद्दाम नाही आणला. नाव वाचलं असतं तर पोटात राह्यलं नसतं."

चार वाजत आले. अस्तर, भर आणि वरचा थर एकावर एक पसरून मी कच्चे टाके घालायला घेतले. फाटलेला तुकडा टेबलाच्या कडेला पडला होता, अर्ध्या शिरोरेषेखाली नाव लटकलेलं. आत्याच्या नजरेला पडू नये म्हणून मी तो कचऱ्याच्या डब्याकडे नेला.

"ते कुठं नेते वो? इकडे आण. भरात लागते."

"आजी, त्याच्यावर नाव आहे ना."

"म्हणूनच म्हणते. पालथं घाल."

खालच्या कोपऱ्यात अस्तरावर तो पालथा घातला, वर कापसाची पातळ भर, वर लुगडं. टीपा त्याच्या बाजूने काढल्या.

आत्या आली तेव्हा शेवटची टीप चालू होती. तिने दुपटं हातात घेतलं, नावावरून बोट फिरवलं, आजीच्या टाक्यांवरून फिरवलं. मग उलटसुलट करताना खालच्या कोपऱ्याशी तिचा हात थांबला.

"ताई, इथे जाड लागून राह्यलं. काय आहे आत?"

मी आजीकडे पाहिलं. ती टॉवेलाची घडी घालत होती.

"भर हाये," ती म्हणाली. "चाल, उन्हं उतरली."