बाई आणि सायकल स्टँडमागचा कैलासपती

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या म्हणून शाळेतून फोन आला आणि डोळ्यासमोर आल्या त्या आपल्या विज्ञानाच्या बाईच. गॅदरिंग, कवायत, सहली यांच्यावर बाकीचे लिहितीलच, मी बाईंवर लिहितो.

शाळेच्या सायकल स्टँडमागचं कैलासपतीचं झाड तुम्हा सगळ्यांना माहीतच आहे. जळगावात निंब-चिंच पायलीला पन्नास, पण थेट खोडातून फुलं निघणारं आणि तोफगोळ्याएवढी फळं लटकणारं झाड बघून नवीन पोरगं थबकायचंच. फुलात पिंडीवर नागाचा फणा दिसतो म्हणून श्रावणात गल्लीतल्या आज्या फुलं मागायला यायच्या.

आठवीत असताना मधल्या सुट्टीत एक पिकलेलं फळ धाडकन पडून फुटलं. असा घाण वास सुटला की सगळे नाक दाबून पळाले, शिपाईमामा फावडं घेऊन आले तर बाई म्हणाल्या, "थांबा मामा, आजचा तास इथंच." आणि त्या चक्क खाली बसल्या, काडीने गर उकरला, बघता बघता तो पांढरट गर निळसर पडला. "हवा लागली की होतं असं, कापलेलं सफरचंद लाल पडतं ना, तसंच." मग बी बोटावर घेऊन त्याच्यावरची लव दाखवली, जनावराच्या पोटातून गेलं तरी बी शाबूत राहतं ते त्या लवेमुळे. फुलात मध नसतोच, फण्यातले पराग वांझ, ते मधमाश्यांचा खाऊ, आणि रुजणारे पराग खालच्या कड्यात, हेही तेव्हाच कळलं. झाड मूळचं दक्षिण अमेरिकेतलं, ओब्ले नावाच्या फ्रेंच माणसाने १७७५ साली त्याला शास्त्रीय नाव दिलं. आम्ही तर ते महादेवाचंच समजत होतो! बाई म्हणाल्या, "दुरून आलं, पण आपण त्याला घरचं केलं."

त्या तासामुळे मी बॉटनी घेतली. आज भुसावळ रोडला माझी नर्सरी आहे, केळीची टिश्यू कल्चर रोपं रावेर, यावल, पार बऱ्हाणपूरपर्यंत जातात. शाळेच्या ऑफिसात एवढ्या ट्रॉफ्या मांडल्यात आणि बाईंचा एक फोटो नाही, हे मला अजिबात पटलेलं नाही.

परवा शाळेत येऊन बघितलं तर पेव्हर ब्लॉक पार कैलासपतीच्या खोडाला भिडवलेत. आपल्याकडे मे महिन्यात ४५ डिग्री, मुळांना पाणी जाणार कुठून? समितीला विनंती, खोडाभोवती निदान चार फूट माती मोकळी करा, खर्च माझ्याकडे. आणि खाली गाड्या, पोरं कुणालाच थांबू देऊ नका, ते फळ डोक्यात पडलं तर जिवावर बेतेल.