अगं थांब, ते रिडिंग खोडू नकोस

परवा आठवीच्या तासाला जे झालं ते लिहून ठेवावंसं वाटतंय. सायन्स शिकवायला लागून मला सोळा वर्षं झाली, अणूचा धडा दरवर्षी येतो आणि दरवर्षी तेच, डाल्टन म्हणाला अणू फुटत नाही, थॉमसनने 1897 ला इलेक्ट्रॉन शोधला, रुदरफोर्डने सोन्याचा पत्रा घेतला, मग बोर, मग 1932 ला चॅडविकचा न्यूट्रॉन, मुलं पाठ करतात, मार्क पडतात, संपलं. ह्या वेळी व्हिडिओ दाखवणार होतो पण पाऊस एवढा की लाईटच गेली.

मग मुलांना पाच मिनिटं व्हरांड्यात उभं केलं, लॅबमधलं 200 ग्रॅमचं वजन फरशीवर ठेवलं आणि चार विटांवर मोठा पुठ्ठा टाकून ते झाकलं. आत बोलावून म्हटलं, खाली काय आहे ते न बघता सांगायचं, हातात फक्त गोट्या.

50 गोट्या सोडल्या. 47 सरळ पलीकडून निघाल्या, 2 तिरक्या गेल्या, आणि एक टक्कन वाजून सोडणाऱ्याच्याच पायाशी परत आली. वही सांभाळणाऱ्या मुलीने ते लिहिलं आणि लगेच खोडरबर काढला. "सर, ही चुकून आलीय, कुणीतरी वाकडी सोडली असणार."

मी जवळजवळ ओरडलोच, खोडू नकोस! वर्ग एकदम गप्प.

मग त्या अर्धवट अंधारात त्यांना 1909 चं मँचेस्टर सांगितलं. रुदरफोर्डच्या लॅबमधले गायगर आणि मार्सडेन, त्यातला मार्सडेन 20 वर्षांचा, अजून डिग्रीसुद्धा झालेली नाही. धातूच्या पातळ पत्र्यावर अल्फा कण, म्हणजे रेडियमसारख्या पदार्थातून सुटणारे धन प्रभाराचे कण, सोडायचे. अंधाऱ्या खोलीत आधी डोळे सरावायला बसून राहायचं आणि मग मायक्रोस्कोपमधून झिंक सल्फाईडच्या पडद्यावर कण आदळून उडणाऱ्या बारीक ठिणग्या एकेक करून मोजायच्या. रुदरफोर्डने सांगितलं होतं, उलटा येणारा एखादा अल्फा कण सापडतो का बघा. आणि सापडले, 8 हजारात साधारण एक! तेव्हा अणू म्हणजे थॉमसनचं कलिंगड, धन प्रभार गरासारखा सगळीकडे पसरलेला आणि इलेक्ट्रॉन बियांसारखे. अल्फा कण इलेक्ट्रॉनच्या 7 हजार पटींहून जड, त्याला बी काय अडवणार आणि गर तरी काय अडवणार? म्हणजे आत काहीतरी एकाच जागी गच्च बसलेलं असलं पाहिजे, तेच केंद्रक. हे नीट मांडायला 1911 उजाडलं. 8 हजारात एक म्हणून कुणी ते खोडलं असतं तर केंद्रक तेव्हा सापडलंच नसतं, हे मी आजवर वर्गात कधी बोललोच नव्हतो.

मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मग थॉमसनना नोबेल परत द्यायला लागलं का?" इतका सरळ प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता. म्हटलं नाही रे, ते 1906 चं नोबेल वायूंमधून वीज कशी वाहते त्या कामासाठी होतं, कलिंगडासाठी नव्हे, आणि इलेक्ट्रॉन तर आजही आहेच. शिवाय रुदरफोर्ड केंब्रिजला थॉमसनच्याच हाताखाली शिकलेला, गुरूचं चित्र शिष्यानेच बदललं. आणि शिष्याचंही पुरलं नाही, केंद्रकाभोवती फिरणारा इलेक्ट्रॉन ऊर्जा गमावत आत कोसळायला हवा, तो का कोसळत नाही ह्यावर 1913 ला बोरने ठरावीक कक्षांची कल्पना मांडली.

आकार सांगितल्यावर तर मुलं चाटच पडली. सोन्याचं केंद्रक गोटीएवढं धरलं, दीड सेंटीमीटर, तर अख्खा अणू साधारण 300 मीटरचा, म्हणजे आमच्या शाळेच्या गेटपासून एसटी स्टँडपर्यंत.

बेल झाली तरी कुणी उठेना, "सर पुठ्ठा उचला ना." मी नाही उचलला. म्हटलं रुदरफोर्डला कुणी उचलून दाखवला होता?

दुसऱ्या दिवशी वर्गात गेलो तर पुठ्ठा होता तसाच, आणि वहीत आणखी 100 गोट्या, पेनाने लिहिलेल्या, 3 परत आलेल्या, प्रत्येकीपुढे ती कुठल्या विटेच्या बाजूने सोडली तेही.