तुम्ही विचारलंत म्हणून: बॅलेत नोकरी लागते का?

लातुरात बॅले, म्हणजे युरोपातलं शास्त्रीय नृत्य, शिकवते म्हटल्यावर पालकांचा पहिला प्रश्न फीचा नसतो. "मॅडम, लेकरू शिकंल हो, पण पुढं काय? नोकरी-बिकरी लागती का ह्याच्यात?" लग्नाकार्यात भेटणाऱ्या मावश्याही हेच विचारतात, फक्त आवाज जरा खाली आणून.

तर लागते. तीही चांगली सरकारी थाटाची. पॅरिस ऑपेरा या फ्रान्समधल्या मोठ्या नाट्यसंस्थेचंच घ्या. त्यांची बॅलेची शाळा १७१३ सालची. तिथून कंपनीत, म्हणजे संस्थेच्या नृत्यसंचात, शिरलेली मुलगी सगळ्यात खालच्या पायरीवर लागते, वर आणखी चार पायऱ्या. मधल्या बढत्या वर्षानुवर्षं खात्यांतर्गत परीक्षा देऊनच मिळत आल्या. सगळ्यात वरचा 'एत्वाल' हा मान तेवढा परीक्षेने मिळत नाही. तो संचालक जाहीर करतात, कधी कधी प्रयोग संपल्यावर रंगमंचावरच. दरमहा पगार, ४२व्या वर्षी निवृत्ती आणि पेन्शन.

पेन्शन म्हटलं की बाप सावरून बसतो. म्हणून पुढचं लगेच सांगून टाकते.

नीटला अकरावीत शिकवणी लावून जमतं, नाही जमलं तर रिपीट मारता येतं. इथे रिपीट नाही. आठ-नऊ वर्षांची असताना पाया घालावा लागतो, अकरा-बाराव्या वर्षी, हाडं आणि स्नायू तयार झाले असतील तरच, पायाच्या बोटांवर उभं राहायचे पॉइंट शूज. स्वित्झर्लंडमधल्या लोझानची मोठी बॅले स्पर्धा साधारण १५ ते १८ वयाच्या मुलामुलींची. अठरा-एकोणिसाव्या वर्षी नोकरी लागली तर लागली. पस्तिशीच्या आसपास बहुतेकींचे गुडघे, घोटे नाहीतर कंबर राजीनामा लिहायला घेतात. ब्रिटिश बॅले नर्तकी मार्गो फाँटेन १९६२ मध्ये ४२ वर्षांची असताना नुरेयेव या रशियन नर्तकाबरोबर नाचायला लागली आणि पुढे कित्येक वर्षं नाचली, पण तिचं नाव अपवाद म्हणूनच घ्यायचं.

आणि रोजचं काम? कितीही मोठी नर्तकी असली तरी सकाळी सगळ्यांबरोबर दांड्याला धरून प्लिएपासून, म्हणजे गुडघे वाकवण्यापासून, सुरुवात. मग दिवसभर तालमी, रात्री प्रयोग. 'स्वान लेक' या प्रसिद्ध बॅलेमधल्या मागच्या रांगेतल्या हंसिणींना विचारा, सगळ्यात अवघड काय. नाचणं नाही, नायिका पुढे नाचत असताना कडेला निश्चल उभं राहणं. पोटरीत गोळा आला तरी हलायचं नाही.

पालकांना त्या सॅटिनच्या पॉइंट शूजचं फार आकर्षण. आत लाकूड नसतं, कापड-कागदाचे थर खळीने चिकटवून टोक कडक केलेलं असतं. डावा-उजवा फरक नसतो. रिबिनी स्वतः शिवायच्या, नवा बूट वाकवून, आपटून पायाजोगता करायचा. घामाने खळ सुटते. मुख्य भूमिका करणारीचा एक जोड एका प्रयोगातही संपतो. आपल्या मे महिन्यात काय होत असेल, विचार करा.

बुटांपेक्षा माझी भांडणं फरशीवरून जास्त. आपल्याकडे घरोघरी शहाबादी, नाहीतर टाइल्स. त्यावर उड्या मारल्या की सगळा दणका नडगीत आणि गुडघ्यात. मी रबराच्या पट्ट्यांवर प्लायवूड टाकून घेतलं तेव्हा सुतार म्हणाला, "ताई, फळी दबायलीय." म्हटलं, दबायलाच पाहिजे मामा, पैसे त्याचेच देतेय.

भारतात पॅरिससारखी पगारी कंपनी नाही. म्हणजे बाहेर जावं लागतं, आणि शिष्यवृत्तीशिवाय बहुतेकांना ते झेपत नाही. नवी मुंबईतला, वेल्डरचा मुलगा अमिरुद्दीन शाह २०१७ मध्ये लंडनच्या रॉयल बॅले स्कूलला गेला. मुलगे कमी असतात, त्यांना उशीर थोडा खपतो. मुलींची रांग मोठी आणि वयाचा हिशेब कडक.

त्यामुळे चौदा वर्षांच्या मुलीच्या आईला मी स्पष्टच सांगते: कंपनीचं धरून चालू नका. शिक्षिका, नृत्यदिग्दर्शन, पिलाटे व्यायामाचे वर्ग, नाटक-सिनेमातलं काम, हे होऊ शकतं. सात वर्षांची असेल तर दोन वर्षं पाठवा, मग बोलू. ऑनलाइन पॉइंट शूज मात्र मागवू नका.

एवढं ऐकून एखादे काका शेवटी विचारतातच, "दहावीला वाढीव मार्क तरी मिळत्यात का?" कथ्थक-भरतनाट्यमच्या परीक्षांचे मिळतात काका, ह्याचे नाही. कथ्थकचा क्लास मागच्या गल्लीत आहे, नंबर मीच देते.